पालमवरचं स्वागत

"त्याला सांग, कुलगुरूंच्या उजव्या हाताला मी बसणार," भालचंद्र हुपरीकर म्हणाला आणि गालावर दाढीचा साबण फेसवायला लागला.

"कुणाला सांगू?"

"त्यालाच. सात नंबरवाल्याला."

"नाव घेतलंस तर जीभ झडणार नाही तुझी."

"दिगू, मध्यस्थाने सल्ले द्यायचे नसतात. निरोप न्यायचे असतात."

मी विद्यापीठाच्या गेस्ट हाऊसच्या लांबलचक कॉरिडॉरमधून चालत सात नंबरच्या खोलीशी आलो. वामन निसळ कॉटवर मांडी घालून वर्तमानपत्र वाचत होता. त्याची बायको, सिंधूवहिनी, खिडकीत उभी राहून नव्या साडीची घडी मोडत होती.

"काय म्हणतोय तीन नंबर?" वामनने वर न बघता विचारलं.

"कुलगुरूंच्या उजव्या हाताला बसणार म्हणतो."

"बसू दे की. कुलगुरूंच्या मांडीवर बस म्हणावं. मी येतच नाहीये."

वहिनी साडीकडे बघत म्हणाल्या, "सकाळपासून चौथ्यांदा येत नाहीयेत. चहा घेता का, भाऊजी?"

आमच्या विद्यापीठाने त्या वर्षी एक नवा पुरस्कार काढला होता. परराष्ट्र व्यवहारांवर मराठीत लिहिणाऱ्या पत्रकारासाठी. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांनी पुढे मलाही एकदा शाल दिली आहे.) असे पत्रकार मराठीत आहेत किती, असं निवड समितीत कुणीतरी विचारलं. शोध घेतल्यावर दोन सापडले. त्यांतला एक निवडायचा म्हणजे दुसऱ्याचा अपमान, म्हणून समितीने दोघांना मिळून पुरस्कार जाहीर केला आणि परराष्ट्र धोरण जमल्याच्या आनंदात सगळे बटाटेवडे खायला गेले. हे दोघं तीस-बत्तीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे समितीला ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं तेव्हा कुलसचिव पाटोळे माझ्या घरी आले. घामाने डबडबलेले. म्हणाले, "सर, तुम्ही दोघांनाही ओळखता म्हणे. दिल्लीत एका खोलीत होतात. तुम्हीच मध्ये पडा."

"मी विनोदी लेखक आहे हो. मला कसलं जमतं?"

"तेच तर. तुमचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. मध्यस्थाला तेवढंच लागतं."

या माणसाने परराष्ट्र खात्यात जायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

आम्ही तिघं करोलबागेत एका गच्चीवरच्या खोलीत राहायचो. मी एका सरकारी मासिकाचं मराठी भाषांतर करायचो. त्या मासिकाचे वाचक दोन होते, मी आणि प्रूफं तपासणारे गृहस्थ, आणि त्या गृहस्थांबद्दल मला शंका होती. वामन 'वज्रनाद'चा दिल्ली प्रतिनिधी, भालू 'लोकडंका'चा. ही दोन दैनिकं रोज अग्रलेखातून एकमेकांचं वस्त्रहरण करायची, आणि त्यांचे दिल्लीतले प्रतिनिधी एकाच स्टोव्हवर एकाच पातेल्यात खिचडी शिजवायचे. मालकांना हे माहीत नव्हतं. असतं तर खिचडीसुद्धा स्वतंत्र करावी लागली असती.

दोघांच्या कामाची एक पद्धत होती. परराष्ट्र खात्याच्या रोजच्या पत्रकार बैठकीला एकाने जायचं, दुसऱ्याने दुपारी झोपायचं. जो जाईल त्याने मजकूर लिहायचा आणि खाली कार्बन ठेवायचा. वरची प्रत त्याची. कार्बनची प्रत दुसऱ्याने घ्यायची, पहिला परिच्छेद बदलायचा, विशेषणं इकडची तिकडे करायची आणि आपल्या नावाने तारेने पाठवायची. या बदलाबदलीला त्यांनी आपसात नाव दिलं होतं, 'टोपी बदलणं'. "आज टोपी तू बदल, माझे डोळे मिटतायत," असे संवाद मी रोज ऐकायचो. दोन टोप्यांखाली एकच डोकं आहे, हे महाराष्ट्रात कुणाच्या लक्षात आलं नाही. 'लोकडंका' वाचणारा 'वज्रनाद'ला हात लावत नसे, त्यामुळे येणारही नव्हतं.

मग ते राष्ट्राध्यक्ष आले. म्हणजे, आले नाहीत.

आफ्रिकेतल्या एका देशाचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीला यायचे होते. ऑक्टोबरातली संध्याकाळ, पालम विमानतळ. पण दोन्ही दैनिकांच्या डाक आवृत्त्या लवकर निघायच्या. विमान उतरायची वाट बघितली असती तर खेड्यापाड्यांतल्या वाचकांना राष्ट्राध्यक्ष दोन दिवस उशिरा भेटले असते. म्हणून स्वागताचा वृत्तान्त दुपारीच लिहून पाठवला गेला. यात नवल काही नाही, त्या काळी सगळेच लिहायचे. विमानं यायची, माणसं उतरायची, हार घातले जायचे. यात चुकण्यासारखं काय होतं?

त्या दिवशी पहाटेच त्या देशात क्रांती झाली होती, आणि ते दिल्लीत रात्री कळलं. राष्ट्राध्यक्ष विमानात चढलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत ते पदच्युत झाल्याची बातमी होती. 'वज्रनाद' आणि 'लोकडंका'त ते पालमवर उतरत होते. आणि दोन्हीकडे अक्षरशः सारखे उतरत होते. त्या दिवशी टोपी बदललेली नव्हती.

पुढे जे झालं ते दोन संपादकांच्या स्वभावांमुळे झालं. भालूने 'लोकडंका'च्या संपादकांना सांगितलं, मजकूर माझा, वामनने माझा कार्बन उचलला. संपादक म्हणाले, खोटं लिहिलंस, पण स्वतः लिहिलंस, जा, माफ केलं. आणि त्यांनी 'वज्रनाद'च्या संपादकांना एक खवचट फोन केला. वामननेही सांगितलं की मजकूर माझा. पण त्याच्या संपादकांना खोट्या बातमीचं काही वाटलं नव्हतं. चोरी केली आणि तीही 'लोकडंका'तून केली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. वामनला गावी परत बोलावून नगरपालिका आणि भुसार बाजारभावावर बसवलं. भालू दिल्लीतच राहिला. पुढे मंत्र्यांच्या विमानांतून जग फिरला, नाव कमावलं. वामनने रात्रीच्या रेडिओवर जगाच्या बातम्या ऐकून आठवड्याला एक सदर सुरू केलं. ते त्याच्या संपादकांनी केवळ जागा भरत नव्हती म्हणून छापलं, आणि हळूहळू लोक ते कापून ठेवायला लागले.

खरं कोण बोलत होतं, ते मला माहीत नव्हतं. त्या दुपारी मी कचेरीत मासिकाच्या दोन वाचकांची सेवा करत होतो. परतलो तेव्हा वामन एकटाच खोलीत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघं बोलेनासे झाले.

"अट एकच," वामन चहा फुंकत म्हणाला. "तो किस्सा त्याने आज खरा सांगायचा."

"कुठला किस्सा?" मी साळसूदपणे विचारलं.

"तुला माहीत नाही? गेल्या वर्षी तुमच्याच सभागृहात सांगितला त्याने. व्याख्यानमालेत. 'आणि मग काय मंडळी, माझा राष्ट्राध्यक्ष माझ्या मित्राच्या पेपरातही उतरला!' पोट धरून हसले लोक. पुण्यात सांगतो, नागपुरात सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयात येऊन सांगून गेला. मी तिसऱ्या रांगेत होतो."

"मी पण होते," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्या बाईंनी विचारलं, हा कॉपी करणारा मित्र कोण हो? मी म्हटलं, असेल कुणीतरी."

वामनने कपबशी खाली ठेवली. "आजही सांगेल. मला शाल पांघरून शेजारी बसवून सांगेल. तेव्हा मी जर यायचं असेल, तर त्याने माइकवरून एक वाक्य म्हणायचं. वृत्तान्त निसळांनी लिहिला होता. बस."

"वामन, अरे पण तो वृत्तान्त खोटा होता."

"होता."

"म्हणजे तू लिहिलास म्हटलं तर तू खोटारडा ठरतोस."

"खोटारडा चालेल," तो म्हणाला. "चोर नको."

मी तीन नंबरात आलो. भालू आता अत्तर लावत होता. निरोप ऐकून त्याचा हात थांबला.

"वेडा आहे का तो? मी लिहिला होता तो वृत्तान्त."

"तो म्हणतो, त्याने लिहिला."

"तो काहीही म्हणेल. मला तोंडपाठ आहे तो, दिगू! म्हणून दाखवू? ज्याने लिहिला नाही त्याला पाठ कसा असेल?"

मुद्दा बिनतोड होता. कॉरिडॉरमध्ये पाटोळे भेटले, त्यांना मी परिस्थिती सांगितली.

"थांबा, थांबा. म्हणजे दोघंही म्हणतायत, खोटी बातमी मीच दिली?"

"हो."

"आणि त्याचं श्रेय मला द्या?"

"हो."

पाटोळे भिंतीला टेकले. "सर, मानपत्रात 'सत्यनिष्ठ पत्रकार' छापलंय. फ्रेम करून आलंय."

"फ्रेमला कशाला हात लावायचा? ते राहू दे."

मग खऱ्या वाटाघाटी सुरू झाल्या. आयुष्यात मी एवढा कधी चाललो नव्हतो. खुर्च्यांचा प्रश्न मी चटकन सोडवला. भालूला कुलगुरूंच्या उजव्या हाताला बसवलं आणि वामनला सांगितलं की डावीकडची खुर्ची माइकजवळ आहे. हार सारख्या लांबीचे आहेत असं दोघांना वेगवेगळं पटवून दिलं. (ते सारख्या लांबीचेच होते, पण पटवून द्यावं लागलं.) मानपत्र एकच होतं, ते कोण घरी नेणार यावर दोघंही एकाच वेळी म्हणाले, "त्याला ने म्हणावं," तेव्हा मला जरा आशा वाटली.

मग वाक्याशी गाडं अडलं.

भालूने एक मसुदा दिला: 'तो वृत्तान्त उभयतांच्या सहकार्यातून साकार झाला होता.'

वामन म्हणाला, "उभयतांच्या? मुलं होतात उभयतांना. हे वृत्तपत्र आहे."

मी परत गेलो. भालू विचार करून म्हणाला, "बरं, मग असं म्हणतो. 'त्या वृत्तान्ताबाबत काही गैरसमज झाले असल्यास मला खेद आहे.'"

"'असल्यास' काढ म्हणावं," वामनने सात नंबरात सांगितलं. "आणि गैरसमजही काढ. आणि खेदही. मला त्याचा खेद नकोय. वाक्य हवंय."

"तीन शब्द काढल्यावर काही उरत नाही रे."

"तेच सांगतोय तुला. त्यात काही नाहीच."

भालूला हा निरोप पोचवला तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत बसला. "दिगू," तो म्हणाला, "मी हा किस्सा इतकी वर्षं सांगतोय. पोरांनी ऐकलाय, सुनांनी ऐकलाय. माझ्या व्याख्यानाला लोक त्याच्यासाठी येतात. चिठ्ठ्या येतात व्यासपीठावर, पालम सांगा म्हणून. आणि आज उठून म्हणू, की नाही हो, तो माझा नव्हता?"

"होता का तुझा?"

"अर्थात माझा होता," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला. अत्तराची बाटली उगाच उघडली, परत बंद केली.

समारंभाची वेळ होत आली तरी तह झाला नाही. मी सात नंबरात गेलो तर वामन बॅग भरत होता. टॉवेल, दाढीचं सामान, वर्तमानपत्र. वहिनी आरशासमोर उभ्या होत्या, साडी नेसून, गजरा माळून.

"निघतो आम्ही," वामन म्हणाला. "पाचची गाडी आहे."

"तुम्ही निघा," वहिनी आरशातूनच म्हणाल्या. "मी सभागृहात जाणार आहे."

"कशाला? तो सांगणार आहे ते ऐकायला?"

"साडी नवी आहे. धर्मशाळेत नेसून बसायला घेतली नव्हती. आणि त्यांनी तो किस्सा सांगितला आणि तुमची खुर्ची रिकामी असली, तर लोक म्हणतील, पळाला. तुम्ही बसलेले असलात तर निदान मला सांगता येईल, ते बघा, ते आमचे."

वामनने हातातला टॉवेल कॉटवर ठेवला. मग त्याने बॅगेतून कोट बाहेर काढला.

भालूला मी जाऊन सांगितलं, वामन येतोय.

"अट सोडली त्याने?"

"नाही. वहिनींनी साडी नेसली."

सभागृह खच्चून भरलं होतं. पत्रकारितेची मुलं, राज्यशास्त्राची मुलं, आणि भालूचं भाषण ऐकायला आलेले गावातले निवृत्त लोक. मी पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसलो. कुलगुरूंनी राजनय म्हणजे काय ते सांगितलं, मग राजनय म्हणजे काय नव्हे तेही सांगितलं. मानपत्र वाचलं गेलं. 'सत्यनिष्ठ' या शब्दाला पाटोळ्यांनी विंगेत डोळे मिटले. हार, शाल, श्रीफळ. व्यासपीठावर दोघं कुलगुरूंच्या दोन बाजूंना असे बसले होते, जणू मध्ये सरहद्द आहे.

आधी भालू बोलायला उठला. आवाज अजून भरदार होता. त्याने मॉस्कोचं सांगितलं, काठमांडूच्या विमानतळावर बूट हरवला तेही सांगितलं, लोक हसले. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हुपरीकर, पालम!"

हशा पिकला. वहिनींनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. वामन आपल्या बुटांकडे बघत होता.

भालूने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग सवयीने त्याचा हात वर गेला, किस्सा सुरू करताना जायचा तसा.

"तर मंडळी, दिल्लीतले दिवस. आम्ही तिघं एका खोलीत..." आणि तो रंगत गेला. डाक आवृत्ती आली, दुपार आली, क्रांती आली. लोक आधीच हसायच्या तयारीत होते. "आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय? ऐका. मला अजून पाठ आहे. 'पालम विमानतळावर आज सायंकाळी राष्ट्राध्यक्षांचे आगमन झाले, तेव्हा मंद वाऱ्यावर दोन्ही देशांच्या पताका डौलाने फडफडत होत्या. शुभ्र वस्त्रांतील बालिका हाती पुष्पगुच्छ घेऊन...'"

"वारा नव्हता," वामन म्हणाला.

तो हळू बोलला होता, पण त्याच्यासमोर माइक होता. डावीकडची खुर्ची माइकजवळ आहे, असं मी त्याला सांगितलं होतं ते खरंच होतं.

भालू थांबला. "काय?"

"वारा नव्हता त्यात. ऑक्टोबरात संध्याकाळी दिल्लीत वारा पडलेला असतो. मी कसा वारा लिहीन? आणि बालिका तर नव्हत्याच."

लोक हसले. त्यांना वाटलं, हा किश्श्याचाच भाग आहे. दोन जुने मित्र ठरवून आलेत. भालू हसला नाही. तो भाषणाच्या टेबलाचा काठ धरून उभा होता.

"मग काय होतं?" त्याने विचारलं. किस्सा सांगायच्या आवाजात नाही. करोलबागेत रात्री दिवा मालवल्यावर विचारायचा त्या आवाजात.

वामन उठला नाही. बसल्या जागी, समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत, नगरपालिकेच्या सभेचा अहवाल वाचावा तसा सपाट म्हणत गेला.

"'पालम विमानतळावर आज सायंकाळी वारा पडलेला होता. दोन्ही देशांचे ध्वज काठ्यांना बिलगून उभे होते. विमानाचे दार उघडल्यावर काही क्षण कोणीच बाहेर आले नाही. मग राष्ट्राध्यक्ष आले. ते उंच आहेत, आणि उंच माणसे दारातून बाहेर पडताना वाकतात तसे वाकले. पायरीवर थांबून त्यांनी आधी आकाशाकडे पाहिले, मग खाली उभ्या असलेल्या माणसांकडे. घरापासून फार दूर आलेला माणूस एखादा ओळखीचा चेहरा शोधतो, तसे. तो त्यांना सापडला नसावा. मग त्यांनी हात हलवला.'"

सभागृहात कुणी हसलं नाही. मला एकदम ती गच्चीवरची खोली दिसली, खिडकीशी बसून लिहिणारा पंचविशीतला वामन दिसला. त्याचं लग्न नुकतं झालं होतं, बायको गावी होती, आणि दिल्लीत त्याला भालूखेरीज फारसं कुणी ओळखत नव्हतं.

भालूने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंडळी," तो म्हणाला, "मी हा किस्सा सांगत आलो. सांगता सांगता त्यात वारा घातला. मग बालिका घातल्या. गेल्या वर्षी इथेच बँड घातला होता, आठवत असेल तुम्हाला. आपल्याच लिखाणात माणूस इतकं काही घालत नाही." तो वामनकडे वळला. "हा वृत्तान्त मी लिहिला नव्हता. वामन निसळांनी लिहिला. माझी पाळी टोपी बदलायची होती. मला रामलीलेत पुढची जागा धरायची होती. कार्बन मी न वाचता, तसाच्या तसा तार कचेरीत दिला. दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर पहिल्यांदा वाचला. आणि नोकरी जाईल म्हणून माझा आहे म्हणालो. पुढे इतक्यांदा म्हणालो, की मलाच तो माझा वाटायला लागला."

तो खाली बसला. टाळ्या पडायला वेळ लागला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला कळत नव्हतं. पहिली टाळी वहिनींनी वाजवली. पर्स खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

मग वामनला बोलायला बोलावलं. तो माइकशी आला, कोटाच्या खिशातून भाषणाचा कागद काढला, बघितला, आणि परत खिशात घातला.

"मी आभारी आहे," तो म्हणाला. "विद्यापीठाचाही."

चहापानाला कुलगुरू माझ्या कानाशी लागले. "ते राष्ट्राध्यक्ष... म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही."

"अरेरे," कुलगुरू म्हणाले. "मला तर दिसले हो."

वहिनींचंही तेच म्हणणं होतं, पण वेगळ्या अंगाने. त्या वामनला म्हणाल्या, "आलेच नव्हते तर इतकं छान कशाला लिहायचं? उगाच वाया."

"आले असते तर इतकं छान लिहायला वेळ कुठे मिळाला असता," वामन म्हणाला. भालू जवळच उभा होता, तो मोठ्याने हसला. वामन हसला नाही. पण हातातली सामोशाची बशी त्याने भालूपुढे धरली, आणि भालूने त्यातला मोठा सामोसा नेहमीसारखा, विचारल्याशिवाय, उचलला.

स्टेशनवर सोडायला विद्यापीठाची एकच मोटार होती. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मागे खिडकीत भालू, दुसऱ्या खिडकीत वामन. मी मध्ये बसणार होतो, सकाळपासून मी तिथेच होतो. पण मी दार उघडलं तर मधल्या जागेवर वामन सरकून बसला होता, आणि त्याला माझी आठवण राहिलेली दिसली नाही.

"पुढे काय झालं रे त्यांचं?" तो भालूला विचारत होता.

"कुणाचं?"

"राष्ट्राध्यक्षांचं."

"लंडनला होते बरीच वर्षं. भाड्याच्या घरात. मी एकदा भेटलो होतो."

"भेटलास?" वामन पूर्ण वळला. "मग? उंच आहेत?"

"खूप. दारातून वाकून बाहेर आले."

वामनने समाधानाने मान हलवली. "पाहिलंस? फोटोवरून लिहिलं होतं मी. काय बोललात?"

"मी म्हटलं, तुम्ही दिल्लीला यायचे होतात. ते म्हणाले, हो, सूटसुद्धा शिवला होता. मग चहा झाला. बायको दम्याने आजारी होती त्यांची."

"हे तू लिहिलं नाहीस कुठे."

"जागा नव्हती."

"मला कळवायचंस. माझ्या सदरात जागाच जागा असते." मग त्याने विचारलं, "मुलं?"

"दोन मुली. एक शिक्षिका आहे."

"बरं झालं," वामन म्हणाला. मी बाहेरूनच दार लावलं आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी खाली उभा होतो, हात वर केलेला. वहिनींनी पुढून हात हलवला. मागच्या दोघांचं लक्ष नव्हतं. काचेतून दिसत होतं, भालू हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुधा लंडनमधल्या त्या घराचा जिना. आणि वामन डोळे बारीक करून ऐकत होता, मध्येच थांबवून काहीतरी विचारत होता, रंग कुठला, पायऱ्या लाकडी होत्या का, खिडकी होती का.

मोटार फाटकातून वळली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.